मुलांच्या दातांना तारा नेमक्या कधी लावायच्या? नव्या पालकांसाठी पायरीपायरीने

मुलाचे पुढचे दात पडून नवीन वाकडेतिकडे यायला लागले की घरात लगेच दोन मतं होतात. आजी म्हणते "दुधाचे सगळे पडूदेत गं, मग बघा", आणि शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी सांगतं की आमच्या मुलीला आठव्या वर्षीच लावल्या, उशीर केला की मग काही होत नाही. आमच्या घरी दोन मुलं, मोठीला बाराव्या वर्षी तारा लागल्या आणि त्याआधी काहीच करावं लागलं नाही, धाकट्याला मात्र आठव्या वर्षीच टाळूत स्क्रूची प्लेट बसवावी लागली. डॉक्टर एकच, घर एकच, तरी दोघांची वेळ वेगळी. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, नव्याने यात पडणाऱ्या आईबाबांचा गोंधळ जरा कमी व्हावा.

१. आधी दात येण्याचं वेळापत्रक समजून घ्या

तारा लावायचं असं एक ठरलेलं वय नाही. तोंडात कुठले दात आलेत, कुठले यायचेत आणि जबडा अजून किती वाढणार आहे, यावर ते ठरतं. दुधाचे दात एकूण २०. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे पहिली कायमची दाढ येते, ती कुठलाही दात न पडता गुपचूप येते, त्यामुळे बऱ्याच घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी "पडेलच ना" म्हणून सोडून दिली जाते. असं अजिबात करू नका. ती आयुष्यभराची दाढ आहे आणि पुढे चावा कसा बसणार हे बरंचसं तिच्यावर अवलंबून असतं.

सहा ते आठ वर्षांत समोरचे खालचे-वरचे दात बदलतात, मग मध्ये एक-दीड वर्ष फारसं काही पडत नाही, आणि नऊ-दहापासून बाराव्या वर्षापर्यंत सुळे बदलतात आणि दुधाच्या दाढांच्या जागी उपदाढा (सुळा आणि दाढ यांच्यामधले दात) येतात. बारा-तेराच्या सुमाराला दुसरी कायमची दाढ येते. पूर्ण तारा लावायच्या असतील तर बहुतेक मुलांची वेळ हीच, ११ ते १३-१४, कारण तेव्हा जवळजवळ सगळे कायमचे दात हाताशी असतात आणि वाढही चालू असते. मुलींची उंची झपाट्याने वाढायचा काळ साधारण १० ते १२ आणि मुलग्यांचा १२ ते १४, म्हणून बहीणभावात दोन वर्षांचा फरक पडला तर त्यात नवल नाही.

२. सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून या

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे तारांचं काम शिकलेल्या दातांच्या डॉक्टरांच्या, संघटनेचा सल्ला आहे की पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. त्याचं कारण साधं आहे, तोपर्यंत मागची पहिली दाढ आणि समोरचे काही कायमचे दात आलेले असतात, म्हणजे वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसे बसतायत ते डॉक्टरांना दिसतं. दाखवायला जाणं म्हणजे तारा लावून येणं नव्हे. बहुतेक मुलांना डॉक्टर "सध्या काही नको, वर्षाने या" एवढंच सांगून परत पाठवतात, आणि ते ऐकायला मिळालं तर ती फी वाया गेली असं समजू नका.

३. जाण्याआधी घरी बघा

मुलाला उजेडात, खिडकीपाशी बसवा. "दात दाखव" म्हटलं की मुलं हमखास पुढचे दात पुढच्या दातांवर टेकवून दाखवतात, त्यातून काहीच कळत नाही. आवंढा गिळायला सांगा आणि मागच्या दाढा एकमेकांवर टेकलेल्या असतानाच थांबायला सांगा, मग दोन्ही बोटांनी ओठ आणि गाल हलकेच बाजूला करा.

आता समोरून बघा, वरचे दात खालच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला आहेत का? सगळीकडे असायला हवेत. एखादा वरचा दात खालच्याच्या आत गेलेला दिसला तर नोंद करा. मग गालाच्या बाजूने दाढा बघा, तिथेही तोच नियम. तोंड हळूहळू मिटायला सांगा आणि हनुवटी शेवटच्या क्षणी एका बाजूला सरकते का ते बघा. आमच्या धाकट्याची डावीकडे सरकायची, फोटोत कधी जाणवलं नव्हतं, पण व्हिडिओ काढून हळू चालवल्यावर स्पष्ट दिसलं.

मग बाजूने बघा, वरचे दात खालच्यांपेक्षा किती पुढे आहेत. दोन-तीन मिलिमीटर ठीक असतं, सहाच्या वर वाटत असेल तर सांगाच. वरचे दात खालच्यांना इतके झाकतायत का की खालचे दिसतच नाहीत? किंवा दाढा टेकूनही समोर फट राहते आणि त्यातून जीभ दिसते? आणि रात्री झोपल्यावर तोंड उघडं असतं का, घोरतो का, अंगठा किंवा ओठ चोखतो का, हेही लिहून ठेवा. डॉक्टर हे सगळं विचारतात आणि तिथे गेल्यावर आपल्याला आठवत नाही.

४. या गोष्टी असतील तर "सगळे पडूदेत" म्हणून थांबू नका

दाढांचा उलटा चावा, म्हणजे वरचा जबडा अरुंद असल्याने वरच्या दाढा आत बसणं, आणि त्यापायी जबडा एका बाजूला सरकणं. हे तसंच राहिलं तर चेहऱ्याची वाढ एका बाजूला होऊ शकते. वरच्या टाळूच्या मधोमध एक सांधा असतो, तो लहानपणी सहज रुंद करता येतो आणि पंधरा-सोळाच्या पुढे अवघड होत जातं, म्हणून याला वेळेचं महत्त्व आहे. धाकट्याचं हेच होतं. टाळूत बसवलेल्या स्क्रूला बारीक भोक असतं, त्यात तारेची छोटी किल्ली घालायची आणि समोरून मागे, घशाच्या दिशेला ढकलायची, पुढचं भोक दिसलं की एक फेरा झाला, एका फेऱ्यात साधारण पाव मिलिमीटर. किल्लीला दोरा बांधून तो बोटाला गुंडाळून ठेवा म्हणजे हातातून सुटली तरी गिळली जाणार नाही. फेरे किती आणि किती दिवसांनी ते डॉक्टर सांगतील तेवढेच, एकही जास्त नाही. काही दिवसांत वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये भली मोठी फट पडते, ते बघून घाबरू नका, टाळू खरंच रुंद होतोय याची ती खूण आहे आणि ती नंतर आपोआप कमी होते.

समोरचा एखादा दात उलटा बसलाय, म्हणजे वरचा खालच्याच्या आत. यात खालच्या दाताची हिरडी खाली सरकायला लागते आणि दात झिजतात. बऱ्याचदा काढघाल करायच्या साध्या प्लेटने काही महिन्यांत काम होतं.

खालचा जबडाच पुढे आहे, किंवा वरचा मागे राहिलाय. यात चेहऱ्यावर लावायच्या मास्कने वरचा जबडा पुढे ओढतात, त्याचा उपयोग साधारण दहाव्या वर्षाच्या आत जास्त होतो. घरात कुणाची हनुवटी तशी असेल तर तेही सांगा, कारण वाढीत हा दोष परत डोकं वर काढू शकतो आणि काही जणांना अठरानंतर शस्त्रक्रिया लागते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

दुधाची दाढ लवकर काढावी लागली. तिच्या जागेत मागची दाढ सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही. दाढ काढली त्याच दिवशी "जागा राखायला काही लावायचं का" एवढं विचारा.

वरचा सुळा. हा मुद्दा फार कमी पालकांना माहीत असतो. दहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवरून बोट फिरवलं की कायमच्या सुळ्याचा उंचवटा हाताला लागायला हवा. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असेल तर एक्सरे काढून घ्या. सुळा कधीकधी टाळूच्या दिशेने आडवा वळतो. वेळेत कळलं तर दुधाचा सुळा काढून आणि थोडी जागा करून तो बऱ्याचदा वाटेवर येतो, उशीर झाला तर हिरडी उघडून त्याला साखळी बांधून खाली ओढावं लागतं आणि ते काम लांबतं.

अंगठा चोखणं. चारेक वर्षांपर्यंत फार काळजी नको, पण कायमचे समोरचे दात यायला लागले तरी सवय असेल तर ती आधी सुटायला हवी. रागावून, मिरची लावून ती सुटत नाही, मूल लपून चोखतं. आणि तोंडाने श्वास घेणारं, घोरणारं मूल असेल तर दातांच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

५. आणि या गोष्टी थांबू शकतात

खालच्या दातांच्या दोन रांगा. सहा-सातव्या वर्षी दुधाचा दात हलत असतानाच मागून नवीन येतो आणि घरात घबराट होते. दुधाचा पडला की जीभ नवीन दाताला हळूहळू पुढे ढकलते. दुधाचा अजिबात हलतच नसेल तर मात्र दाखवून काढून घ्या.

वरच्या समोरच्या दातांमधली फट. आठ ते अकरा या काळात दात पंख्यासारखे फाकलेले दिसतात, कारण वर हाडात बसलेले सुळे त्यांच्या मुळांना दाबत असतात. सुळे खाली आले की बऱ्याच मुलांची फट मिटते. या वयात फक्त फट आहे म्हणून कुणी तारा सुचवत असेल तर दुसरं मत घ्या.

थोडीशी दाटी. तीही थांबू शकते.

दात पुढे आहेत, हा मात्र विचार करायचा प्रकार आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून अभ्यास झालेत, एका गटाला आठव्या-नवव्या वर्षी उपचार आणि मग मोठेपणी परत, दुसऱ्याला थेट किशोरवयात एकदाच. शेवटी दात आणि जबडा जवळपास सारखेच बसले. फरक कुठे पडला तर लवकर उपचार केलेल्या मुलांमध्ये पडून-आपटून पुढचे दात तुटण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे मूल सतत धडपडणारं आहे, दात खूपच पुढे आहेत आणि ओठाने झाकले जात नाहीत, किंवा शाळेत इतकं चिडवतात की ते हसायचंच बंद झालंय, तर लवकर करण्याला अर्थ आहे. नाहीतर दोनदा खर्च आणि दोनदा त्रास कशाला. खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखी प्लेट वाढीच्या झपाट्यात लावली तर चांगली लागू पडते. त्यासाठी डॉक्टर एक्सरेत मानेच्या मणक्यांचा आकार बघतात आणि मुलगी असेल तर पाळी सुरू झाली का हे विचारतात, त्या प्रश्नाने बिचकू नका, पाळी सुरू झाली की वाढीचा जोर ओसरायला लागलेला असतो.

६. कुणाकडे जायचं

बीडीएस म्हणजे दातांचे सर्वसाधारण डॉक्टर. तारांचं काम शिकलेले ते ऑर्थोडॉन्टिस्ट, त्यांनी बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस याच विषयात केलेलं असतं. नुसतं एमडीएस लिहिलेलं पुरेसं नाही, कशात ते विचारा, एमडीएस हिरड्यांतलंही असतं. बऱ्याच क्लिनिकमध्ये ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून ठरावीक दिवशी येतात, ते चालतं, पण तार अधेमधे तुटली तर कोण बघणार आणि दर वेळी तेच डॉक्टर असतील का, हे आधी विचारून घ्या.

खर्च झेपत नसेल तर सरकारी डेंटल कॉलेजचा पर्याय नक्की बघा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर डेंटल, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. तिथे एमडीएस करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खासगीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, पण वेळ जातो, रांग असते, आणि डॉक्टरांचा कोर्स संपला की केस पुढच्या बॅचकडे जाते. दर महिन्याला अर्धा दिवस सुट्टी काढणं कुणाला जमणार आहे हे घरात ठरवा मगच नाव घाला.

७. बरोबर काय न्यायचं

- मुलाचं आधार कार्ड (सरकारी रुग्णालयात लागतं, आणि सवलत हवी असेल तर रेशन कार्डही)
- आधीचे दातांचे एक्सरे आणि फाइल, काढलेल्या दातांची नोंद
- चालू औषधं, दमा, हृदयाचा त्रास, कसलीही ॲलर्जी यांची माहिती. नकली दागिन्यांनी कान चिघळत असतील तर मुद्दाम सांगा, तारांमध्ये निकेल असतं
- हसताना समोरून आणि बाजूने काढलेले गेल्या दोन-तीन वर्षांतले फोटो
- आईबाबांचे लहानपणीचे फोटो मिळाले तर उत्तम
- घरी लिहिलेली यादी आणि प्रश्न

तिथे ओपीजी नावाचा एक्सरे काढतात. मूल उभं राहतं, हनुवटी टेकवतं, छोटी प्लॅस्टिकची काडी दातात धरतं आणि मशीन डोक्याभोवती फिरतं, दुखत वगैरे नाही, फक्त हलायचं नाही. त्या एका फोटोत दुधाच्या दातांखाली रांगेत थांबलेले सगळे कायमचे दात दिसतात. डॉक्टरांना सांगा की प्रत्येक दात बोट ठेवून दाखवा. कुणाचा एखादा दात जन्मतः नसतोच, तेही इथेच कळतं. बाजूचा डोक्याचा एक्सरे आणि दातांचे साचे किंवा स्कॅन हे उपचार ठरले की मग.

८. पैसे भरण्याआधी हे विचारा

आत्ता केलं तर काय फायदा आणि वर्षभर थांबलो तर काय नुकसान? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि याचं उत्तर सरळ मिळालं नाही, नुसतंच "लवकर केलेलं बरं" असं आलं, तर दुसरीकडे दाखवा. ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने अठराच्या आतल्या मुलांना तारा मिळतात त्या गरज बघून, १ ते ५ अशी पायरी ठरवतात आणि ४-५ मध्ये असेल तर मिळतात, ३ मध्ये दिसण्यावरून ठरतं, १-२ ला नाही. आपल्याकडे तसं बंधन नाही, पण "गरजेच्या पायरीत माझं मूल कुठे बसतं" हे विचारायला काहीच हरकत नाही, ऑर्थोडॉन्टिस्टांना ही मोजपट्टी माहीत असते.

मग : दात काढावे लागणार का, किती आणि का? उपदाढा काढाव्या लागतात हे ऐकून पोटात गोळा येतो पण जागाच नसेल तर तो योग्य निर्णय असू शकतो. किती महिने? पूर्ण तारांना साधारण दीड ते दोन वर्षं, दर चार ते सहा आठवड्यांनी फेरी. सांगितलेल्या रकमेत काय काय आहे? इथे लोक फसतात, कारण दात काढणं, एक्सरे, तुटलेला ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) परत बसवणं आणि शेवटचे रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे) बऱ्याचदा वेगळे लावले जातात. सगळं लेटरहेडवर लिहून घ्या, आणि हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे ठेवा, एकरकमी सवलतीच्या मोहात पडू नका. आम्ही डोंबिवली-ठाण्यात चौकशी केली तेव्हा साध्या मेटलचे आकडे तीस ते पन्नास हजारांच्या घरात होते, सिरॅमिक (दाताच्या रंगाचे) त्याहून वर आणि अलायनर, म्हणजे तारांऐवजी घालायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे काढघालीचे साचे, लाखापुढे. लहान मुलाला मेटल उत्तम, टिकाऊ असतात आणि हल्ली रंगीत रबरं मिळतात म्हणून मुलंच खूश असतात. अलायनर दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात, डबा खाताना काढून रुमालात गुंडाळून हरवणारं मूल असेल तर विचार करा. घरी साचा मागवून, डॉक्टरांनी तोंडात न बघता मिळणारे अलायनर वाढत्या मुलाला नकोच.

आरोग्य विम्यात तारांचा खर्च सहसा धरत नाहीत, तरी ओपीडी कव्हर असेल तर पॉलिसी वाचून बघा.

बाबांची बदली होऊ शकते का, हेही आधीच सांगा. मधेच शहर बदललं तर नवीन डॉक्टर दुसऱ्याची केस घ्यायला नाखूश असतात, सुरुवातीचे एक्सरे, फोटो, साचे यांची प्रत स्वतःकडे असेल तर निदान बोलणं सुरू होतं.

९. मूल तयार आहे का ते बघा

दात तयार असून मूल तयार नसेल तर थांबा, हे माझं ठाम मत आहे. रोज रात्री न सांगता नीट ब्रश होतो का? होत नसेल तर तारांभोवती अन्न साठून दातांवर खडूसारखे पांढरे डाग पडतात, आणि तारा काढल्यावर दात सरळ पण डाग कायमचे, असं होतं. मोठीच्या वेळी डॉक्टरांनी आधी दोन किडलेल्या दाढा भरल्या, मग तीन महिने नुसता ब्रश नीट करून दाखव म्हणाल्या, मगच तारा. तेव्हा वाटलं उगाच लांबवतायत, आता वाटतं हेच सगळ्यांनी करावं.

दहावीचं गणितही मांडून ठेवा. सातवी-आठवीत सुरू झालं तर दहावीच्या आधी निपटतं. पहिली तार परीक्षेच्या आठवड्यात नको, मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीनंतर लावा. दिवाळीच्या आधी लावलीत तर चकली, कडक शंकरपाळी, चिक्की सगळं समोर असून खाता येणार नाही, मूल हिरमुसतं. पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात, तेव्हा वरण-भात, मऊ खिचडी, दह्यात कुस्करलेली पोळी, उपमा. नंतरही पेरू, सफरचंद, कणीस चिरून किंवा दाणे सोडवूनच, ऊस आणि बर्फ चघळणं बंद. गालाला टोचलं तर डॉक्टरांकडून मेण मागून घ्या, ते त्या जागी चिकटवलं की बरं वाटतं. कबड्डी, क्रिकेट खेळत असेल तर तारांवर बसणारा माउथगार्ड विचारा.

१०. रिटेनरची तयारी आधीच करा

तारा निघाल्या म्हणजे संपलं असं धरून चालू नका. दात जुन्या जागी परतायला बघतात, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि थोडेफार आयुष्यभर. आतल्या बाजूने बारीक तार चिकटवतात किंवा काढघालीचा रिटेनर देतात, तो आधी जवळजवळ पूर्णवेळ आणि मग रात्री घालायचा, तोही वर्षानुवर्षं. त्याची वेगळी डबी घ्या, गरम पाण्यात धुऊ नका, प्लॅस्टिक वाकडं होतं. हरवला तर पुढच्या भेटीपर्यंत वाट न बघता त्याच आठवड्यात नवीन करून घ्या, आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा की नवीन रिटेनर केवढ्याला पडतो.